बिननांगीचा विंचू

ज्योतीरामला चाकणजवळच्या माळावरच्या दवाखान्यात आणलं, त्या दिवसापासून त्याच्या आईनं, दुर्गाबाईंनी, त्याच्या खाटेशेजारी पथारी टाकली आणि साऱ्या वॉर्डाचा कारभार हातात घेतला. पिंपरीला कारखान्याचा पाया खणताना त्याच्या पायात पहार शिरली होती. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा पडला होता.

"ए शालनबाई, चादर बदल की! का पोरगं बरं झाल्यावर बदलणार?" त्या नर्सला म्हणायच्या.

"दुर्गाबाई, तुम्हीच व्हा आता डॉक्टर," शालनबाई फणकारायची.

दवाखान्यात नवं औषध आलं होतं, पेनिसिलिन. सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब शिरेत सोडायचं. पहिली बाटली शेजारच्या खाटेवरच्या देहूच्या भैरूला लागली. थोड्याच वेळात त्याला धाप लागली, हातावर पित्तासारख्या गांधी उठल्या. डॉक्टरांनी धावत येऊन सुई काढली, दुसरं इंजेक्शन दिलं. भैरू वाचला.

दुर्गाबाई वाकून बघत होत्या. गांधी वेड्यावाकड्या नव्हत्या. कुणी रांगोळी घातल्यागत वृंदावन उठलं होतं, वर तुळस.

"अगं बया, ही तर माझी तुळस!"

ताडून बघायला त्यांनी बांगड्या वर सारल्या. लहानपणी गोंदणारणीनं त्यांच्या हातावर तुळस, पाच ठिपके आणि विंचू गोंदला होता. सुई टोचल्यावर त्यांनी हात हिसकला, म्हणून विंचवाची नांगी राहूनच गेली. आई तेव्हा म्हणाली होती, "गोंदण हीच बाईची वळख. त्येच्याबिगर कुनी वळखत न्हाई."

ठिपके होते. विंचू होता. तुळशीच्या जागी नुसती कातडी.

"भांडी घासून गेली असंल," त्या पुटपुटल्या. पण चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या खोलीत अंबूबाईला बाटली लागली. तिलाही सोसली नाही, असं कळताच दुर्गाबाई तरातरा गेल्या. अंबूबाईच्या दंडावर पाच लाल ठिपके. स्वतःच्या हाताकडे बघायला त्यांना धीर लागला. तिथं आता नुसता विंचू उरला होता.

परतताना दारात शालनबाईनं अडवलं. "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

"डोळं फुटलं का गं तुझं?"

शालनबाई हसली नाही. खरंच विचारत होती.

संध्याकाळी डॉक्टर आले. "मावशी, दोघांना औषध सोसलं नाही. पण याला दिलं नाही, तर हा वाचत नाही. काय करू?"

"ती दोगं जगली न्हवं?"

"जगली."

दुर्गाबाईंनी विंचवावरून बोट फिरवलं.

"मग लावा बाटली."

थेंब पडू लागले.

ज्योतीरामच्या मनगटावर एक लाल रेघ उठली. मग विंचवाचे आकडे. मग पाय.

नांगी नव्हती.

डॉक्टर धावले. सुई निघाली, दुसरं इंजेक्शन गेलं. श्वास अडला, घरघरला, आणि हळूहळू संथ झाला.

सकाळी ताप उतरला होता. गांधी विरल्या होत्या. ज्योतीरामनं डोळे उघडले. दुर्गाबाईंनी पाण्याचं भांडं त्याच्या ओठांना लावलं. पदर सरकला. हात कोपरापर्यंत कोरा.

तो पाणी प्याला. त्यांच्याकडे बघून त्यानं अदबीनं हात जोडले.

"लई उपकार झालं, बाई," तो म्हणाला. "माझ्या आईला तेवढं बोलवता का?"