इंद्रभानची विलायती वेल

माघातली कोवळी उन्हं होती. बुलढाण्याच्या मळ्यात रुख्मिणी विहिरीवरून घागर घेऊन वळली, तर कुंपणापाशी एक उंच, अनोळखी माणूस उभा... हातात पत्र्याचा डबा, आणि डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मूळ.

तो इंद्रभान. लढाईत जखमी होऊन, विलायतेच्या दवाखान्यात पाच महिने काढून नुकताच परतलेला. तोफांचे आवाज त्याच्या कानांतून जात नव्हते. झोप अशी लागतच नव्हती. तिथल्या नर्सबाईनं हॉप नावाच्या वेलीच्या वाळक्या फुलांची उशी दिली होती, तिच्यावर तेवढा डोळा लागायचा. ती उशी बोटीवर भिजून कुजली. मूळ मात्र त्यानं जपून आणलं. वेलीला गारवा हवा, आणि गार सावली होती ती या विहिरीपाशीच.

मळा रुख्मिणीच्या वडिलांचा, भगवंतरावांचा. त्यांनी जागा दिली. नवरा प्लेगात गेल्यापासून दोन वर्षं माहेरी असलेल्या रुख्मिणीकडे पाणी घालायचं काम आलं.

कोंब फुटला. तिनं तो हौसेनं दोरीला गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी सुटून खाली लोंबत होता. इंद्रभान हसला.

"उलटी गुंडाळली तुमी. ही वेल उजवीकडूनच चढते. देवाले फेरी घालतो ना, तशी."

"तुमच्यासारखीच हट्टी दिसते," ती म्हणाली... आणि स्वतःच लाजली.

दोघांनी कोंब पुन्हा वळवला. बोटांना बोटं लागली — आणि हात काढायची घाई कोणीच केली नाही. मग तो रोज सकाळी येऊ लागला. बोलणं वेलीचंच असायचं; नजर मात्र वेलीवर थोडीच असायची.

भगवंतरावांनी ते ओळखलं. माणूस चांगला आहे, विधवा पोरीचं दुसरं लग्न म्हणून पाट लावून द्यायलाही हरकत नाही; पण ज्याला झोप नाही त्याच्या घरी पोरीला कसलं सुख, असं ते म्हणाले. रुख्मिणीनं ऐकलं, आणि वेलीला दुप्पट पाणी घालू लागली.

चैत्रात इंद्रभान मामाच्या शेतीसाठी संग्रामपूरला गेला. वैशाखाच्या उन्हात वेल मुळापर्यंत करपली... एकही फूल न येता.

श्रावणात तो परतला तेव्हा डोळे खोल गेले होते. रुख्मिणीनं जुन्या लुगड्याची शिवलेली उशी त्याच्या हातात दिली. वेल सुकण्याआधी फुलं आली होती, असं सांगितलं. उशीत होता मळ्यातला मरवा आणि वाळा.

इंद्रभान उन्हं वर येईपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशीही... महिनाभर. त्याच्या आईनं ते आनंदानं गावभर सांगितलं, आणि भगवंतरावांनी पाटाची बोलणी काढली.

होकार देण्याआधी रुख्मिणी त्याला मळ्यात भेटली.

"मी खोटं बोलली. त्या उशीत हॉप नाही... मरवा हाय."

"हाव, मले माहीत हाय. हॉपचा वास कडू असते. पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग झोपले कसे?"

"माह्या झोपेसाठी कोणीतरी मरवा वाळवत बसलं... हे मनात आलं, अन् डोळा लागला."

"अन् बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तर तू उशी परत मागितली असती."

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला. रुख्मिणीनं पदर सावरला आणि होकार सांगायला ती घराकडे चालू लागली... मळ्याची वाट संपली तेव्हा ती पळत होती.