धीराचं बटण

कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली गजेंद्र मगदूम अडकला, तेव्हा डॉ. ऊर्मिला साखळकर वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना आपल्या बटणाचं कौतुक सांगत होत्या. 'स्थैर्यवेधी बटण' हे त्यांनी ठेवलेलं नाव. कामगार त्याला धीराचं बटण म्हणत, आणि खरं सांगायचं तर तेच नाव बरं होतं. बोट टेकवलं की ते नाडी आणि घाम तपासायचं. माणूस शांत असेल तर हिरवा दिवा, घाबरलेला असेल तर तांबडा. आणि तांबड्या दिव्यावर मशीन जागचं हलायचं नाही.

घाबरलेला हात त्याला ओळखता येई; निर्धास्त मूर्खपणा कोण ओळखणार? प्रेस खाली आणायची दोन बटणं एकाच माणसाने दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे त्याचे हात आपोआप बाहेर राहतात, असा नियम. पण इथे जोडी लावायची जुनी खोड. एकाने बटणं दाबायची, दुसऱ्याने आत वाकून तुकडा ओढायचा; काम झटपट उरकतं. गजेंद्रचा धाकटा भाऊ महावीर बटणांवर होता, रोजच्यासारखाच निवांत. दोन्ही दिवे हिरवे झाले, वरचा लोखंडी ठोकळा उतरला आणि आत वाकलेल्या गजेंद्रचा उजवा हात, खांदा, अर्धी छाती त्याखाली चिमटली. एक तुकडा आडवा पडला होता म्हणून ठोकळा पुरता बसला नाही, एवढंच नशीब. पण ठोकळा तोलून धरणारं तेल झिरपत होतं आणि ठोकळा तिळातिळाने खाली येत होता.

ऊर्मिला धावत खाली आल्या. मुख्य अभियंता उपाध्ये घामाने निथळत होते.

"वीज तोडतो, मॅडम."

"नका. तेलाचा दाब गेला तर ठोकळा सगळ्या वजनानिशी बसेल."

"मग बटणाची तपासणी तरी बंद करा. तुमचीच आहे ना ती?"

"बंद करताच येऊ नये अशी केली आहे. आधीची सगळी बटणं तुमच्याच माणसांनी काड्या खुपसून निकामी केली होती."

"अहो, पण वर जायच्या बटणालाही लावायची?"

"मागे, 'खाली'चं बटण एकच होतं तेव्हा, एकाने घाबरून 'वर'ऐवजी तेच दाबलं होतं. माणूस गेला. म्हणून सगळ्याच बटणांना लावली. आता शांत माणूस हवा. दुसरा उपाय नाही."

वर जायचं बटण एकच होतं आणि ठोकळा चढेपर्यंत ते दाबून धरावं लागे. महावीरने बोट ठेवलं, तांबडा. उपाध्येंनी ठेवलं, तांबडा. ऊर्मिलांनी स्वतः ठेवलं, आणि आपलंच यंत्र आपल्याला नाकारतंय हे बघून त्यांना रडू फुटलं. रोज पहाटे प्राणायाम करणारे फोरमन छाती काढून पुढे आले, डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतले. तांबडा. गजेंद्र म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. कुणाच्या लग्नात राबलेला, कुणाच्या आईला दवाखान्यात खांद्यावरून नेलेला. त्याच्यासाठी ज्याचा जीव तुटत नाही असा माणूस आणायचा कुठून? फाटकाबाहेरचा अनोळखी ट्रकवाला ओढून आणला, तर रक्त बघून त्याच्याही बोटाखाली तांबडाच. गजेंद्रचा श्वास आता कण्हल्यासारखा येत होता.

तेवढ्यात पॅकिंग विभागातून त्याची बायको पद्मा आली. कुणी तिला अडवायला धजेना. बिचारीची काय अवस्था असेल, म्हणून दोघी-तिघी तिला धरायला पुढे झाल्या. तिने न विचारता बटणावर बोट ठेवलं.

दिवा हिरवा झाला.

ठोकळा कुरकुरत वर निघाला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. उपाध्ये मात्र त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. सख्ख्या बायकोचं काळीज इतकं थंड? तसेच कोड्यात पडलेले चेहरे चहूबाजूंना होते. ठोकळा वर सरकला, गजेंद्रला श्वास घेता आला. त्याने मान वळवली, दिवा पाहिला, मग पद्माकडे पाहिलं. त्याचा उजवा पंजा मोकळा होऊन हलला.

दिवा तांबडा झाला. ठोकळा थांबला. खांदा अजून आतच होता.

"वैनी, घाबरू नका, झालंच आता," महावीर विनवू लागला. पद्माचं बोट बटणावरच होतं, पण ती बघत होती त्या हलणाऱ्या पंजाकडे. ठोकळा पुन्हा तिळातिळाने उतरू लागला.

ऊर्मिलांना कळलं. तो हात अडकला होता, तोवरच या बाईला भीती नव्हती.

"गजेंद्र," त्या म्हणाल्या, "बटण बिघडलेलं नाही. ती तुला घाबरते आहे."

कुणी कुणाकडे बघेना. महावीरने मान खाली घातली. भिंतीपलीकडचे आवाज तो या दोघांच्या लग्नापासून ऐकत आला होता आणि घरातली गोष्ट घरात म्हणून गप्प बसला होता.

गजेंद्रच्या छातीवर वजन आलं. त्याने डोळे मिटले.

"पद्मा," तो कसाबसा म्हणाला, "मी घरी येणार नाही."

दिवा तांबडाच राहिला. असले शब्द तिने पूर्वीही ऐकले असतील. बंद दाराआड, दुसऱ्या दिवशी सकाळी.

मग महावीर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "दादा आत्ता म्हणाला ते मी ऐकलंय, वैनी," तो म्हणाला. "तो आलाच तर दारात मी उभा राहीन."

मागून फोरमन म्हणाले, "मीपण ऐकलंय." मग आणखी कुणी, मग पॅकिंगमधल्या बायका, एकेक करत.

पद्माने एकदा सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. मग ठोकळा वर निघाला.