तीन शहरं आणि एक पाटी

सकाळची सव्वासातची कुन्नेल मोटर्सची बस केरळातल्या तीकोयच्या वळणावर गचकन थांबली आणि मिन्सीच्या मांडीवरचे कागद भुर्रकन उडाले. एक शेळी आडवी आली होती. शेळी मजेत रस्ता ओलांडून गेली. मिन्सीचे कागद मात्र थेट ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन पडले. बायकांची बाकं पुढे, आणि त्यात तिची रोजची जागा अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागे... मग दुसरं काय होणार!

“सिस्टर, एक कागद क्लचखाली गेलाय,” ड्रायव्हर मागे न वळता म्हणाला. “गाडी चालवू, की आधी वाचून घेऊ?”

“वाचायचं काही कारण नाही! द्या इकडे.”

त्याने वाकून कागद उचलले, झटकले आणि देता देता वाचलेच. न्यूझीलंडमधल्या तीन इस्पितळांची तीन पत्रं. ऑकलंड, ख्राइस्टचर्च, ड्युनेडिन.

“अरे वा! तीन गाड्या आणि प्रवासी एकच,” तो हसला. डोक्यावरच्या लांबट आरशात मिन्सीला फक्त त्याचे डोळे दिसले. हसताना ते अर्धे मिटत होते. “कुठली पकडणार?”

“तुम्ही रस्त्याकडे बघा, चेट्टा.” ड्रायव्हरला सगळेच चेट्टा, म्हणजे दादा, म्हणत.

“रस्ता पाठ आहे मला,” तो म्हणाला. आणि ती बढाई नव्हती हो. एबिन अकरा वर्षं वागमणच्या घाटात गाडी चालवत होता. त्या अकरा वर्षांत त्याची गाडी एकदाही थांब्याच्या पुढे गेली नव्हती. या गोष्टीचा त्याला मिशीपेक्षा जास्त अभिमान होता, आणि मिशीही काही कमी नव्हती.

त्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. मिन्सी पालाच्या इस्पितळात ड्युटीला जाई. तासाभराचा प्रवास, आणि त्या तासाभरात तिला जगभरातल्या नातेवाइकांचे फोन. फोनवरचं एक-एक वाक्य एबिनच्या कानावर पडे आणि उत्तर आरशातून येई.

ऑकलंडहून कुंजुमोन अंकल गरजत, “ऑकलंड! दुसरं नाव काढायचं नाही! इथे आपली माणसं इतकी, की मासळीवालीशीसुद्धा मल्याळममध्ये घासाघीस करता येते.”

ख्राइस्टचर्चहून मावसबहीण जिबी लाडीगोडी लावी, “इथे ये गं. सपाट शहर. माझ्या शेजारचंच घर रिकामं होतंय.”

ड्युनेडिनहून कुणाचाच फोन येत नसे. तिथे तिचं कुणी नव्हतंच. बाकी दोघंही त्या नावावर नाकं मुरडत. “तिथे काय आहे? नुसते चढउतार आणि गारठा!”

“आपल्या घाटाला नावं ठेवतायत की काय?” एबिन पुटपुटे.

“तुम्ही चोरून ऐकता.”

“चोरून कशाला? शेवटच्या बाकावरच्या वर्कीचेट्टांनाही ऐकू जातंय. त्यांचं मत ऑकलंडला आहे.”

मिन्सी हसू दाबायला खिडकीबाहेर बघे. काळ्या मिरीचे वेल, धुक्यातून वर येणारी रबराची झाडं, ओल्या पानांचा वास... आणि नजर फिरून पुन्हा आरशातच. तिथे ते डोळे. तिला वाटे, हे काय चाललंय? अठ्ठावीस वर्षांची मी, रात्रपाळीला एकटी तीस रुग्ण सांभाळणारी, आणि आरशाला लाजते!

तीनपैकी एका इस्पितळाला महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. नोकरी तिची एकटीची, पण जायचं होतं दोघींना. तिला आणि तिच्या आईला. आई आधी सहा महिन्यांच्या परवानगीवर, मग तिचे पुढचे कागद, असं सगळं ठरलं होतं. आणि तिथेच माशी शिंकली.

आई, म्हणजे अच्चाम्मा; मिन्सी तिला अम्मच्ची म्हणे. नवरा गेला तेव्हा मिन्सी नऊ वर्षांची. दिरांनी विचारलं, कुणाकडे राहणार? अच्चाम्माने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कपाळाला दिवा बांधून नवऱ्याची सुरी हातात घेतली आणि रबराच्या दोनशे झाडांचा चीक काढून आली. त्या चिकावर लेकीचं नर्सिंग झालं. दर शुक्रवारी ती एकटी बसने भरणंगानमला संतिणीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जाई. एकोणीस वर्षांत तिने कुणाला “मला जरा सोडतोस का?” असं विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी उकडलेल्या कप्प्याचं, म्हणजे साबुकंदाचं, भांडं मध्ये ठेवून ती म्हणाली, “मोळे, पोरी, मी येत नाही.”

“अम्मच्ची! हे काय आता?”

“कुंजुमोनच्या बायकोशी बोलले. नवऱ्याला वेळ असेल तेव्हा तिला चर्च दिसतं. मुलाला वेळ असेल तेव्हा बाजार. बाकी दिवस काचेतून रस्ता बघते. मला इंग्रजी येत नाही, मोटार येत नाही. कुणाच्या गाडीत मागे बसून, त्याच्या सवडीने मी देवाला भेटायला जाणार नाही. तू जा, नाव काढ.”

“तू नाहीस तर मीही नाही.”

“वेडी आहेस.”

“तुझीच आहे ना.”

मिरचीचा ठेचा दोघींच्याही डोळ्यांत गेला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी फोन वाजले, मिन्सीने उचलले नाहीत. एबिनने तीन थांबे वाट पाहिली. चौथ्याला राहवेना.

“काय झालं, सिस्टर?”

तिने सांगितलं. आई येत नाही, म्हणून आपणही जात नाही.

एबिनचं काळीज काय म्हणालं ते स्पष्टच सांगते. ते आनंदाने उड्या मारत होतं. राहतेय! इथेच राहतेय! रोज सव्वासातला, याच बाकावर! आणि मग त्याने आरशात तिचा चेहरा पाहिला. सहा वर्षं खपून मिळवलेलं सगळं ती तक्रार न करता मिटवून ठेवत होती. त्याला स्वतःच्याच आनंदाची लाज वाटली.

“ती तिन्ही पत्रं मला आठवडाभर देता?” तो म्हणाला.

“क्लचखाली ठेवायला?”

“तुम्ही सगळ्यांना विचारलंत, तिथे मासळी मिळते का, थंडी किती, आपली माणसं किती. बस कुठून कुठे जाते, हे एकानेही सांगितलं नाही. ज्याला मोटार येत नाही त्याच्यासाठी शहर म्हणजे बस, सिस्टर. हे माझं काम आहे. मला करू द्या.”

रविवारी दुपारी तो मिन्सीच्या घरी आला. कमरेला लुंगीसारखं पांढरंशुभ्र मुंडू, तेल लावलेले केस, आणि बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं. अच्चाम्माने कोरी कॉफी पुढे ठेवली आणि त्याला नखशिखांत न्याहाळलं. त्याने कागद सोडला.

बसच्या कपाळावर लावतात तशी पत्र्याची पाटी होती. लाल पाटीवर पिवळी, टपोरी मल्याळम अक्षरं. एराट्टुपेट्टाच्या पेंटरकडून काल रंगवून घेतलेली. रंगाचा वास अजून येत होता.

“रोज दुपारी फोनवर तिन्ही शहरांच्या गाड्या बघत होतो, अम्मच्ची,” तो म्हणाला. “ऑकलंड अफाट आहे. कुंजुमोन अंकलच्या घरून चर्चला जायचं तर दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. ख्राइस्टचर्च छान आहे, पण इस्पितळाने देऊ केलेलं घर गाडीच्या रस्त्यापासून लांब. आणि हे ड्युनेडिन. इथल्या घराच्या दाराशीच थांबा. एकच गाडी. चढण चढते, उतरण उतरते, आणि तुम्हाला लागेल त्या सगळ्या जागांवरून जाते. तिथले थांबे मल्याळममध्ये लिहून आणलेत.”

अच्चाम्माने पदराने चष्मा पुसला. चर्चमध्ये वचन वाचावं तसं एकेक शब्द उभा करत तिने वाचलं, “घर... इस्पितळ... चर्च... बाजार... समुद्र.” मग पुन्हा एकदा वाचलं. “समुद्रालाही जाते?”

“शेवटचा थांबा.”

“आणि कुणाला विचारावं लागणार नाही?”

“कुणालाही नाही. हात केला की थांबेल.”

मिन्सी दाराला टेकून उभी होती. तिला जायला मदत करणारी पाटी घेऊन हा माणूस स्वतःच्या पायाने चालत आला होता. तिला वाटलं, इतकं कुणी आपल्यासाठी कधी केलंय?

अच्चाम्मा मात्र पाटीवरून बोट फिरवत होती. “पाटी झकास आहे, मोने, पोरा. पण गाडी कोण चालवणार?”

“त्यांचे... त्यांचे ड्रायव्हर असतील ना.”

“त्यांचं नाही विचारलं मी. तू कुठे असशील, ते विचारतेय.”

एबिनचे कान लाल झाले. मग तो हळू, पण ताठ आवाजात बोलला.

“खोटं नाही बोलणार. सव्वासातची गाडी मी हल्ली फक्त एका बाकासाठी काढतो. पण अम्मच्ची, आमच्या गावचे तिघं बायकोच्या व्हिसावर गेलेत. सुट्टीत आले की लोक विचारतात, तू काय करतोस रे तिकडे? ते म्हणतात, हिला ड्युटीवर सोडतो नि आणतो. लोक हसतात. मी पन्नास माणसं घेऊन घाट चढतो. कुणाचं सामान म्हणून विमानात नाही चढायचा मी.”

“तुम्हाला चढा म्हटलं कुणी?” मिन्सी ताडकन बोलली. मनात होतं, चढा ना! तोंडातून आलं भलतंच.

तो उठला. कॉफी तशीच राहिली.

पुढचे चार दिवस आरशात डोळे नव्हते. आरसा वर वळवलेला. त्यात नुसतं बसचं छत.

“चेट्टा, आरसा बिघडलाय का?” कंडक्टर शाजी मुद्दाम मोठ्याने विचारी. “की आपल्याला आता छतावरून माणसं येणारेत?” बायका खुदुखुदु हसत. मिन्सी हसत नव्हती. रोज ड्युटी संपली की ती इस्पितळाच्या संगणकापुढे बसून काहीतरी लिहीत होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

महिनाअखेरचा शुक्रवार उजाडला. गाडी पालाजवळ आली तशी ती पुढे वाकली आणि गिअरच्या दांड्यापाशी एक कागद ठेवला.

“कुठलं शहर?” त्याने विचारलं. नजर रस्त्यावर.

“ड्युनेडिन. अम्मच्चीही येतेय. काल रात्रीच कळवलं. हा कागद दुसरा आहे. तिथल्या बस डेपोचा.”

“डेपोचा?”

“मी चौकशी केली होती. उताराच्या रस्त्यांवर चालवणारे ड्रायव्हर त्यांना मिळत नाहीत. तुमच्या घाटाचं लिहिलं, अकरा वर्षांचं लिहिलं. त्यांनी फोनवर मुलाखतीची तारीख दिलीय. पुढची परीक्षा तिथल्या चढावर. नापास झालात तर परत या, मी अडवणार नाही. शिफारस मागितली नाही मी. नुसती तारीख मागितली.” मग ती एका दमात बोलली. “सामान नकोय मला, चेट्टा. सामानाला तेवीस किलोची मर्यादा असते, आणि तुमची ऐट एकटीच चाळीस भरेल. मला माणूस हवाय. माझा. मला तुम्ही आवडता, आणि तुमची ती ऐटही आवडते. झालं? बोलले मी!”

एबिनने हात वर केला आणि आरसा खाली वळवला. डोळे भरले होते. तो बघतच राहिला... बघतच राहिला...

“चेट्टा! अहो, इस्पितळ गेलं!” शाजी ओरडला. मागून पाच-सहा जणांनी पत्रा बडवला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुन्नेल मोटर्स थांब्याच्या पुढे गेली होती. थोडीथोडकी नाही, चांगली दोनशे पावलं. एबिनने गाडी थांबवली, कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसला.

“उतरा, सिस्टर,” शाजी म्हणाला. “तुमच्यामुळे आमची अब्रू गेली.”

“शाजी,” एबिन म्हणाला, “तिला आता सिस्टर मी नाही म्हणणार. तू म्हण हवं तर.” आणि मग तिच्याकडे वळून, पहिल्यांदाच आरशाशिवाय, “संध्याकाळी किती वाजता सुटतेस तू?”

तीन रविवार चर्चमध्ये फादरनी दोन्ही घराण्यांची नावं पुकारली. या लग्नाला कुणाची हरकत? कुणाचीच नाही. एक आली होती, कुंजुमोन अंकलची, ऑकलंडहून फोनवर. ती धरली गेली नाही.

मुलाखत झाली, लग्न झालं, आणि तिथल्या चढावरची परीक्षा एबिन पहिल्या झटक्यात पास झाला. परीक्षकाने विचारलं, इतक्या शांतपणे उतरण कुठे शिकलास? त्याने छाती काढून सांगितलं, “वागमण.” परीक्षकाला ते गाव माहीत नव्हतं. आता ड्युनेडिनच्या डेपोत सगळ्यांना माहीत आहे.

तिथल्या घराच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीखाली, ती लाल पाटी लावलेली आहे. एका शुक्रवारी अच्चाम्मा तिच्यावरचे थांबे मनात म्हणत एकटी बाहेर पडली. स्वेटरवर साडी, साडीवर कोट. थांब्यावर उभं राहून हात केला. गाडी अगदी तिच्या पायाशी थांबली, बोटभरही पुढे नाही.

“अम्मच्ची, राहू दे कार्ड, मी बघतो,” गणवेशातला जावई हळूच म्हणाला.

“गप. आजवर फुकट बसले नाही कुणाच्या गाडीत,” म्हणत तिने कार्ड टेकवलं. यंत्र टिंग वाजलं. मग ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ऐसपैस बसली आणि शेजारच्या गोऱ्या आजीला, आधी ड्रायव्हरकडे आणि मग स्वतःच्या छातीकडे बोट करून, शुद्ध मल्याळममध्ये म्हणाली, “हा माझा.”

पुढचा थांबा इस्पितळाचा. रात्रपाळी संपवून मिन्सी चढली, जांभई देत, केस विस्कटलेले; नवऱ्याच्याच गाडीत पूर्ण फेरी मारून घरी जायची तिची सवय होती. आई दिसली तशी थबकली. “तू कुठे निघालीस? एकटी?”

“चर्चला. मग बाजार. मग वेळ उरला तर समुद्र,” अच्चाम्मा म्हणाली. “तू घरी जाऊन झोप. आणि ए मोने, आरशात नंतर बघत बस. आता पुढे बघ, चढण आलीय.”