दोघांच्या मधली जागा

मे महिन्यातली दुपार होती. कूलरला टाकायचा वाळा आणायला मी शहागंजात गेलो होतो. ऊन असं, की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. दुकानदार वाळा बांधून देत होता, तेवढ्यात आमचा गेम विकणाऱ्या कंपनीचा फोन आला.

"बासितभाई, एकट्यानं कोण खेळतंय आता? दोघांचा मोड टाका. मित्रमित्र मिळून खेळतील."

माझं डोकंच सटकलं. अहो, गोष्ट म्हणजे काय क्रिकेट आहे का, टीम करून खेळायला?

तुम्हाला गेम माहीत नसंल. मी आन माझी बायको बिल्किस घरीच गेम बनवतो. आवाज आन चित्रं माझी, कोड सगळा तिचा. माझ्यापेक्षा ती हुशार आहे, हे ती रोज ऐकवते. तर 'हुंकार' नावाचा आमचा गेम. कंदील घेऊन अंधाऱ्या गावातून चालायचं आन एक म्हातारी गोष्ट सांगती ती ऐकायची. ती थांबली की माईकमधी 'हं' म्हणायचं. 'हं' म्हटलं की गोष्ट पुढं सरकती, वाट उघडती. तुम्ही गप्प, तर ती पण गप्प. खेड्यात गोष्ट ऐकताना करतात तसंच.

गोष्ट एका सुनेची. ओट्यावर सासरा गोष्टी सांगायचा, ही दाराआडून ऐकायची. शेवट जवळ आला की आतून हाक यायची, पाणी दे, भाकरी टाक. एक पण गोष्ट बिचारीला पुरी ऐकायला मिळाली नाय. तशीच मेली. आन मेल्यावर मात्र कुठं गोष्ट चालू असली की ऐकायला येऊन बसायला लागली.

म्हातारीचा आवाज खरा आहे. माझ्या आजोळी, वैजापूरकडं, सरूबाई म्हणून शेजारीण आहे, मी मावशी म्हणतो. आवाज घ्यायला गेलो तेव्हा तिनं बिल्किसला खोलीबाहेर काढलं. "ही गोष्ट एकट्यालाच सांगत्यात," म्हणाली. "दोघं बसले की मधी जागा राहती." बिल्किस बाहेर उभी राहून हसत होती. मला पण हसू आलं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार?

तर वाळा घेऊन घरी आलो, बिल्किसला फोनचं सांगितलं. मी नको म्हणत होतो, तिनंच बसून दोघांचा मोड तयार केला. दोघांनी 'हं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढं जायची नाय, असा नियम ठेवला. मग एका दुपारी तपासायला बसलो. मी आतल्या खोलीत, बिल्किस स्वयंपाकघरात, दोघांच्या कानाला हेडफोन. आमची आफरीन आठ महिन्यांची. तिची झोळी मधल्या खोलीत बांधली होती, कूलरचा वारा तिथंच लागतो म्हणून.

सुरुवातीला मजा आली. मावशी बोलायची, मी 'हं', बिल्किस 'हं', वाट उघडायची. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. मला डुलकी लागायला लागली. मावशी एका जागी थांबली... मी 'हं' म्हणायच्या आतच गोष्ट पुढं गेली.

"बिल्किस, माझ्यासाठी पण तूच म्हणतेस का?" मी माईकमधी विचारलं.

"मी तर अजून काहीच म्हटलं नाय," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच..."

दोघं गप्प बसलो. मावशी परत थांबली. हेडफोनमधी बारीक, लांबून आल्यासारखं ऐकू आलं.

"हं."

मावशी पुढं बोलायला लागली. सून दाराआडून पुढं सरकली म्हणे, उंबऱ्याशी आली. आता मला वेगळाच वास यायला लागला. वाळ्याचा नाय. शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा. आमच्या घरात सगळीकडं फरशी आहे हो!

मी हेडफोन काढला. मावशीचा आवाज बंद झाला, पण ते 'हं' बंद झालं नाय. मधल्या खोलीतून येत होतं. थांबून थांबून, मावशी बोलायला जेवढा वेळ घ्यायची तेवढाच वेळ सोडून. मी उठून दारात गेलो. समोरच्या दारात बिल्किस उभी होती, तोंडावर हात ठेवून. झोळीत आफरीन जागी होती. छताकडं बघत होती.

"हं," आफरीन म्हणाली.

मी धावत जाऊन कॉम्प्युटरची वायरच उपटली. बापाला दुसरं काय सुचणार?

त्यानंतर पोरगी रडली नाय. हसली नाय. दूध तर अजिबात घेईना. बिल्किस छातीशी धरायची, दूध ओठावरून गळून जायचं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, चमच्यानं पाजा. चमच्यानं पण तेच. दिवस मावळायला आला तशी तिची टाळू आत जायला लागली. बिल्किसनं माझी कॉलर धरली, म्हणाली, "काही तरी करा ना... माझी बच्ची जातेय."

मी मावशीला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"तुमच्या दोघांच्या मधी कोण व्हतं रं लेकरा?" मावशीनं हळू विचारलं.

"आफरीन," मी म्हणालो.

"गोष्ट अर्ध्यात सोडली व्हय?"

"व्हय, मावशी."

"मंग ती सून कशी उठंल? जा, पुरी करा... जसे बसले व्हते तसेच बसा."

आम्ही बसलो. या खोलीत मी, त्या खोलीत बिल्किस, मधी आमची लेक. तिला उचलून घ्यायची पण हिंमत होत नव्हती. हेडफोन लावले नाय, आवाज मोठा केला. मावशी सांगत गेली. आम्ही दोघं तोंडातून ब्र काढत नव्हतो आन गोष्ट आपोआप पुढं चालली होती. हं... हं... सारवणाचा वास एवढा दाटला, की मी नाकाला रुमाल लावला. शेवटी मावशी म्हणाली, "सुनंनं शेवट ऐकला, पदर झटकला आन उठून गेली. संपली गोष्ट."

घर एकदम शांत झालं. कूलर पण बंद पडला होता, कधी ते कळलं नाय. वास गेला. आम्ही दोन्हीकडून झोळीशी पळालो. आफरीननं आईकडं बघितलं, हात वर केले. बिल्किसनं तिला उचललं आन ढसाढसा रडायला लागली. मी पण रडलो, लाज कशाची?

बघा, आम्ही घरात दखनी उर्दू बोलतो, मराठी नाय. पोरीशी तर फक्त दखनीच. आन आठ महिन्यांचं लेकरू, त्याला शब्द कुठले येणार? बिल्किसनं तिला दूध पाजायला मांडीवर घेतलं, तर तिनं तोंड फिरवलं. माझ्याकडं बघितलं आन खणखणीत विचारलं,

"मंग?"

बिल्किसनं घाबरून जी तोंडात आली ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, राजा होता, राणी होती. आफरीन 'हं' म्हणाली आन दूध प्यायला लागली. गोष्ट थांबली की दूध थांबतं. तवापासून असंच चाललंय. एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर चालत नाय, तोंड फिरवती. बिल्किसला येत होत्या त्या संपल्या, माझ्या संपल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आणल्या, त्या पण संपत आल्या. तुम्ही लिहिणारे म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

ऐका, आत ती रडायला लागली बघा... येती का एखादी? लांबलचक असली तर लई बरं होईल.