वरच्या आळीचा निरोप

संसदीय समितीने दुभाषी बाईंना बोलावलं ते तसं साध्याच कामासाठी. युद्धाचा एक व्हिडिओ गेम बाजारात आला होता आणि त्यावरून संसदेत रान पेटलं होतं. गेममधला शेजारचा देश खरा, युद्ध खरं, डोंगरातल्या गावाचं नावही खरं. शेजाऱ्यांच्या जखमेवर मीठ चोळून करमणूक कसली करता, असं एका बाजूचं म्हणणं. आज खेळ बंद कराल, उद्या कादंबऱ्या जाळाल, असं दुसऱ्या बाजूचं. त्यात कुणीतरी आवई उठवली की गेममधले गावकरी त्यांच्या बोलीत तिथे लढलेल्या आपल्या सैनिकांना शिव्या देतात. ती बोली कळणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाई त्यांतल्या एक.

बाई त्याच गावच्या होत्या. युद्ध पेटलं तेव्हा आईबाबांचं बोट धरून त्यांनी सीमा ओलांडली. गुरं विकून येतो म्हणत दादा आत्याजवळ मागे राहिला. नंतर गाव ओस पडलं आणि तिथल्या माणसांचं काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. आईने ती बोली त्या वर्षापासून टाकली ती टाकलीच. बाबा होते तोवर बाई त्यांच्याशी बोलायच्या. ते गेल्यावर स्वतःशी. या कामाबद्दल त्यांनी घरी अवाक्षर काढलं नाही. ऑफिसचं आहे काहीतरी, एवढंच.

समितीच्या खोलीत दिवसाही पडदे ओढलेले असत. भिंतभर स्क्रीन, नव्या गालिच्याचा वास, आणि रिमोट घेऊन बसलेला एक शांत ऑपरेटर. कंपनीच्या वकिलांनी आधीच सांगून टाकलं होतं की गावकऱ्यांच्या तोंडी भाषाच नाही. स्टुडिओत चार कलाकारांकडून काहीबाही बडबडून घेतलं आणि कालवून टाकलं.

पहिल्या दुपारी बाईंनाही तसंच वाटलं. बंदुकीची नळी पुढे धरून ऑपरेटर गल्लीतून चालत होता. गावकरी भिंतींना पाठ लावून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गलका होता, पण शब्द नव्हते. चढ मात्र बरोबर होता. पाण्याच्या नळापाशी रस्ता जसा डावीकडे कलायचा, तसाच कलला होता.

दुसऱ्या दुपारी गेममधल्या नळापाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, दूध उतू जातंय.

बाईंनी ऑपरेटरला थांबायला सांगितलं. तो थांबला, तशी मागून एक म्हातारा आवाज पुटपुटला की हा परत आला वाटतं, दार लोटून घ्या. मग कुणाचा तरी खोकला. मग एकीने दुसरीला विचारलं, लेकीचा ताप उतरला का?

आपल्या कानांवर भरवसा नको म्हणून बाईंनी प्राध्यापकांना बोलावून घेतलं. ते त्याच खोऱ्यातले, बोलीचं व्याकरण लिहिलेले, तोंडाचे फटकळ. आल्या आल्या म्हणाले की तुम्हाला माहेर आठवतंय, दुसरं काही नाही. पण ऑपरेटरला नळापाशी थांबवून थोडा वेळ ऐकलं आणि त्यांनी चष्मा काढला.

"ही वरच्या आळीची बोली आहे," ते म्हणाले. "स्टुडिओतल्या माणसाला हे कोण शिकवणार? ती बोलणारं कुणी उरलेलं नाही."

समितीपुढे दोघांनी खरं तेच सांगितलं. शिव्या नाहीत. दूध, ताप, दार, एवढंच. ऐकून दोन्ही बाजूंना आनंद झाला. एक म्हणाली, बघा, गरिबांच्या घरात बंदूक घेऊन घुसता. दुसरी म्हणाली, बघा, किती आदराने दाखवलंय. हे शब्द आले कुठून, असं कुणीही विचारलं नाही. मतदान ठरलं. अध्यक्षांनी बाईंना शेवटचं एकदा ऐकून घ्यायला सांगितलं.

त्या दुपारी गल्लीत सामसूम होती. नळापाशी तीच बाई होती. बंदूक जवळ आली तशी तिने मान वर केली आणि नळीकडे न बघता थेट समोर बघितलं.

"धाकटी ना तू?" तिने विचारलं. "आई कशी आहे?"

ऑपरेटरला नुसताच गलका ऐकू आला. त्याच्याकडे मायक्रोफोन नव्हता. तरी बाईंच्या तोंडून उत्तर निघून गेलं, त्याच बोलीत.

"बरी आहे."

नळापाशीची बाई वळली आणि तिने शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक दिली. आई बरी आहे म्हणते.

दार किलकिलं झालं. आतून तेच शब्द पुढच्या घराकडे गेले.

तिथून त्याच्या पुढच्या.

चढ चढत निरोप वर गेला. आवाज बदलत होते. एक बाईचा, एक पुरुषाचा, एक लहान मुलाचा.

"वर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," ऑपरेटर म्हणाला. "नकाशा या वळणाशी संपतो. पुढे नुसतं चित्र आहे डोंगराचं."

निरोप वळणापलीकडे गेला. पुसट होत गेला, पण थांबला नाही.

बंदी घालू नका, असं बाईंनी समितीला विनवलं. प्राध्यापक खाली मान घालून बसले होते. बंदीच्या बाजूने बहुमत झालं आणि गेम देशभर बंद पडला. बातम्यांमध्ये दोन्ही बाजूंनी हा आपलाच विजय असल्याचं सांगितलं.

बाई संध्याकाळी घरी आल्या तेव्हा आई बाहेरच्या खोलीत होती. कोच भिंतीला लावलेला, टेबल उभं करून ठेवलेलं, गालिचा गुंडाळलेला. गुडघे धरून चालणारी आई एकटीने कपाट सरकवत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

आईने पदराने कपाळ पुसलं आणि ती बोलली ते त्या बोलीत. सहज, कधी टाकलीच नसल्यासारखी.

"वरच्या आळीचा निरोप आला. तिकडे आता कुणी येत नाही म्हणे, बंदूकवालासुद्धा. मग इकडेच येतात." तिने खोलीचा अंदाज घेतला. "दादा म्हणाला, जागा करून ठेव."

बाईंनी प्राध्यापकांना फोन लावला. ते एकटेच राहायचे. फोन त्यांनी लगेच उचलला, पण त्यांना धाप लागली होती. मागे काहीतरी जड फरशीवरून ओढल्याचा आवाज येत होता.

"नंतर बोलतो," प्राध्यापक म्हणाले. ओढण्याचा आवाज चालूच होता.