मत बदलल्याचा निबंध

शाळेची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत ती एकटीच होती. वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं राहिलेली. तिनं दार बडवबडव बडवलं. थोड्या वेळानं वरून आवाज आला.

"घाबरू नका. आत किती जण आहेत?"

"एकच."

"एकच असून एवढा दणका?"

खरं तर तिला राग यायला हवा होता. आलं हसू.

दार फाकलं, वरून एक हात खाली आला. नखांत ग्रीस, पकड मात्र घट्ट. तो हात धरून ती वर चढली. समोर खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक मेकॅनिक उभा होता.

"माझा वर्ग बुडाला," ती कपडे झटकत म्हणाली.

"कसला बुडतोय! चला..." म्हणत तो तिच्या आधी वर्गात शिरला, पिशवी बाकाखाली सरकवली आणि तिच्यासारखीच वही काढली. त्याचाही तोच वर्ग होता.

दर शनिवारी दुपारी तिथे बारावीच्या ॲडव्हान्स्ड इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता यायची. वडिलांच्या आजारपणात तिचं कॉलेज सुटलं होतं. आता चोविसाव्या वर्षी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हे प्रमाणपत्र मिळालं की तिला डोळे तपासण्याचा कोर्स करता येणार होता.

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. "कवितेची गोष्ट मला सांगू नका, ती मी वाचलीय. तुम्हाला काय दिसलं ते लिहा," असं म्हणत त्या लाल रेघा ओढत सुटायच्या. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा निबंध आधी तपासायचा, हा त्यांचा नियम. म्हणून दर शनिवारी त्याचा निबंध तिच्याकडे यायचा आणि तिचा त्याच्याकडे. त्याची वाक्यं आवळून बसवल्यासारखी असायची. तिची... जिकडे वाट फुटेल तिकडे.

एकदा बाईंनी एक छोटी कविता दिली. एक बाई दाराची कडी काढून ठेवते आणि बाहेर थांबलेल्या माणसाला म्हणते, तुला यायचं तर ये. दोघांचं नातं काय, यावर परिच्छेद लिहायचा होता.

"इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. इथे तो 'तुम्ही' आहे," तो म्हणाला. "अजून दाराबाहेरच उभा आहे ना तो."

"अहो, कडी काढून ठेवलीय तिनं! 'तुम्ही' म्हणायच्या माणसासाठी कोणी कडी काढून ठेवतं?"

तो कवितेकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "तू म्हणतेस तेच बरोबर..." आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे — तुम्ही म्हणता ते."

"राहू द्या," ती वहीत बघत म्हणाली. "पहिलं बरोबर होतं."

तेव्हापासून तिचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा. मधले दिवस नुसते जायचे.

एका शनिवारी त्यानं तिच्यापुढे दोन कागद ठेवले. "कंपनी दोघांना परदेशात ट्रेनिंगला पाठवतेय. दोन वर्षं. अर्जासोबत इंग्रजीत निबंध द्यायचाय, शुक्रवारपर्यंत. बघशील?"

"दोन वर्षं..." ती म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "बघते ना."

घरी जाऊन तिनं वाचला. सगळे दटावत असताना एका धोकादायक लिफ्टला 'ठीक आहे' अशी सही द्यायला तो कसा तयार झाला नाही, ते त्यानं लिहिलं होतं. निबंध सुरेख होता. पण प्रश्न होता, तुमचं मत बदललं असा एक प्रसंग लिहा. त्यानं न बदललेल्या मताचा प्रसंग लिहिला होता, नेमका उलटा. हा निबंध पहिल्याच चाळणीत बाद झाला असता.

एक फोन केला की काम झालं असतं. तिनं केला नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. तो इथेच राहील, शनिवारी शेजारी बसेल, एवढंच मनात घोळत होतं. सोमवारी तिनं डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "अहो ताई, मला जमीन तिरकी दिसतेय!"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या कामावर गेली. अर्धवट बांधलेल्या इमारतीत तो वायरींच्या जंजाळात उभा होता. तिनं कागद पुढे केला. "प्रश्न परत वाच."

त्यानं वाचला. कपाळावर हात मारला. "बाईंनी मला फाडून खाल्लं असतं."

नवीन निबंध त्यानं तिला दाखवला नाही. "हा नको," एवढंच म्हणाला. तिला ते लागलं.

महिन्याभरानं वर्ग सुटल्यावर, बसस्टॉपच्या छपराखाली, त्यानं सांगितलं, "निवड झाली. अकरा दिवसांनी जायचंय."

"अभिनंदन," ती म्हणाली. बारीक पाऊस पडत होता. आता बोललं नाही तर कधीच जमणार नाही, हे तिला कळत होतं. "ऐक ना... निबंध चुकलाय हे मला शनिवारीच कळलं होतं. दोन दिवस मी गप्प बसले."

"का?"

"तुझी निवड होऊ नये म्हणून."

तो चिडेल, निघून जाईल, असं तिला वाटलं.

"दोनच दिवस?" तो म्हणाला. "मला वाटायचं, माझ्यासाठी आठवडाभर तरी खोटं वागशील."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"त्या निबंधात मी काय लिहिलं माहितीये?" तो हळूच म्हणाला. "लिहिलं, की इथून लांब जायची मला फार घाई होती, आणि आता ती राहिली नाही. वाटलं, हे वाचून अर्ज बाजूला ठेवतील. तर म्हणे, सगळ्यात प्रामाणिक निबंध!" तो थांबला. "तू नको जाऊ म्हण. नाही जाणार मी."

शब्द अगदी ओठांवर आला होता तिच्या.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "मला तू हवास. पण माझ्यामुळे अडकून पडलेला नकोस. जा... आणि परत ये. तोवर मी माझा कोर्स करते."

त्यानं तिचा हात हातात घेतला. या खेपेला सोडायची घाई केली नाही. समोर बस येऊन थांबली.

"तुझी बस," तो म्हणाला.

"दिसतेय," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.