गवताच्या पेटीतला माणूस

रुपीबाई राठोड दारातच उभी राहिली. खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

"माह्या माणसाले पोलिसांनी धरून नेलं, बाई," ती म्हणाली. "पेटी त्यानं बनवली, म्हणून खून बी त्यानंच केला म्हणतात."

दत्त चौकाजवळच्या त्या खोलीत पंखा नुसताच गरगरत होता. साधना मेश्राम यांनी समोरचे कागद बाजूला सारले. विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षे घालवून त्यांनी यवतमाळात स्वतःचा तपासाचा धंदा मांडला होता. त्यांचा मावसभाऊ उकंडा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. तो त्यांची जुनी व्हॅन चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात जेवणाच्या आधी गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

"खून कोणाचा?" साधनाताईंनी विचारले.

"बापूजी ढोल्यांच्या जावयाचा. गोपालचा. पेटीत दाबून मेला तो."

हळूहळू सगळे समजले. बाभुळगावच्या आत, पिंपरखेडीला बापूजी ढोलेंची जमीन होती. गेल्या काही वर्षांत कापूस पिकवून हाती काहीच लागेना, म्हणून बापूजींनी बरीच जमीन गवताला सोडली. गवत तबेल्यांना विकायचे. पण मोकळे गवत ट्रकात भरले की निम्मा ट्रक हवेनेच भरतो. जंगलखात्याचा एक जुना गवत डेपो मोडीत निघाला होता. तिथला गवत दाबायचा लाकडी सांगाडा बापूजींनी उचलून आणला आणि रुपीबाईच्या नवऱ्याने, देवसिंगने, तो पुन्हा चालता केला. तीच ही पेटी.

"गोपाल चोरून मापं घेत होता," रुपीबाई म्हणाली. "अशीच पेटी दुसरीकडं बनवून घेणार होता. माह्या माणसानं चार लोकांत म्हटलं, पेटीले हात लावशीन तर त्याच पेटीत कोंबीन."

उकंडाने साधनाताईंकडे पाहिले. त्याच्यापुरता निकाल लागला होता: देवसिंगच.

बाभुळगावच्या कोठडीत देवसिंग भिंतीला टेकून बसला होता. गजांजवळ आला, पण गज धरले नाहीत.

"मला पेटी समजावून सांगा," साधनाताई म्हणाल्या. "बाकी मागून."

पेटीचे नाव निघाल्यावर त्याचा आवाज जरा सुटला. पेटी सागाची, दीड पुरुष उंच. फळ्यांत बोटभर फटी, दाबताना हवा निघून जावी म्हणून. गवत वरून टाकायचे. वरचे जड झाकण टेकूवर उभे असते. टेकू काढला की झाकण पडते आणि खटका आपोआप बसतो. मग बाहेरच्या उभ्या खांबाला लावलेला आडवा दांडा बैल गोल फिरवतो. खांबावर दोर गुंडाळला जातो, पेटीच्या तळचा पाट वर चढतो आणि गवत झाकणाशी दाबले जाते.

"बैल थांबला तर पाट खाली नाही येत?"

"येईल न जी. म्हणून म्या खांबाच्या बुडाले दात्यांचं चाक बसवलं. त्यात लोखंडाची पट्टी अडकते. आम्ही तिले कुत्ता म्हणतो. जुन्या पेटीत ते नव्हतं. कामाच्या वेळी कुत्ता टाकला का पाट जागचा हालत नाही. संध्याकाळी कुत्ता उचलून तारेनं वर बांधतो."

"त्या दिवशी बांधला होता?"

"बांधला होता. पाट खाली, पेटीत अर्धं गवत. मी घरी गेलो. रस्त्यात कोणी भेटलं नाही, हेच माह्यं फुटकं नशीब."

"आतून झाकण उघडतं?"

देवसिंगने नकारार्थी मान हलवली. "आत माणूस राहील, असं मनातच नाही आलं, जी." मग तो पुन्हा भिंतीशी जाऊन बसला.

ढोलेंचे शेड घरामागे, बऱ्याच अंतरावर होते. आत पत्रा तापला होता आणि वाळल्या गवताचा वास छातीत भरत होता. पेटीसमोर उभे राहिल्यावर उकंडाने शर्टाचे वरचे बटण सोडले. फळ्यांच्या फटींतून आतला अंधार दिसत होता. आतल्या बाजूला लाकडावर ओरखडे होते.

गोपाल सापडला तो फकिराला. फकिरा देवसिंगच्या हाताखाली गवत भरायचा.

"आदल्या दिवशी दुपारून मी बाभुळगावच्या बाजारात गेलतो," तो म्हणाला. "सकाळी आलो त दांडा बांधून होता आन् पाट वर. पेटी कोणी लावली म्हणून फटीतून पाह्यलं, त मनगट दिसलं. घड्याळ जावयाचं."

"मग काय केलं?"

"दोर सोडला. पाट खाली आला. मग झाकण उघडलं."

"कुठला दोर?"

"दांड्याले दोर घालून या खुंटीले बांधला होता न." फकिराने पेटीसोबत डेपोतून आलेल्या जुन्या खांबावरची जाड खुंटी दाखवली. "एक टोक ओढलं त गाठ एका झटक्यात सुटली."

"आणि कुत्ता?"

"तो वरच होता. देवसिंगभाऊनं तारेनं बांधला तसाच."

"या खुंटीचं रोज काय काम?"

"खुंटीचं? काही नाही. डबे टांगतो आम्ही. माहा रिकामा डबा तिथंच राह्यला होता. सकाळी पाह्यतो त खाली, भिंतीशी ठेवलेला."

"पडलेला का ठेवलेला?"

फकिराने विचार केला. "ठेवलेला. झाकण घट्ट, कपडा वर."

मृताच्या अंगावर काय सापडले ते ठाणेदारांनी साधनाताईंना आधीच सांगितले होते: घड्याळ, मोबाइल, खिशात मापाची टेप. म्हणजे देवसिंग गेल्यावर गोपाल माप घ्यायला स्वतःच पेटीत उतरला होता. मोबाइलला त्या गावात रेंज नव्हती.

बापूजी पुढच्या खोलीत खाटेवर होते. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे जग त्या चार भिंतींत आले होते.

"दिवेलागण झाल्यावर बैलाची घंटी आयकू आली," ते म्हणाले. "म्हटलं, देवसिंग उशिरापर्यंत काम करून राह्यला. पोलिसांनाही तेच सांगितलं."

"देवसिंगला पाहिलं होतं?"

"इथून काय दिसते, बाई? मले आता कानच आहेत."

"जावई कसे होते?"

बापूजींनी आढ्याकडे पाहिले. "घर तोच चालवे. माह्यं काही चालत नव्हतं."

चहा घेऊन त्यांच्या पत्नी आल्या. इंदुताई साठी उलटलेल्या, अंगाने किरकोळ, पण चालण्यात घाई नव्हती.

"देवसिंगची बायको तुमच्याकडं आली म्हणे," त्या म्हणाल्या. "त्याले सोडतीन का?"

"तुम्हाला तो निर्दोष वाटतो?"

"माणूस चांगला आहे." त्यांनी कप पुढे केले. "पेटी आणली त मले माहेर आलं वाटलं. माह्ये बाबा त्याच डेपोत मुकादम होते. त्या बैलामागं फिरूफिरू लहानपण गेलं माह्यं."

"आता कधी जाता का, पेटी बघायला?"

"कायले? घरातल्या बायांनी शेडात यायचं नाही, असं जावयाचं सांगणं होतं. बैलाले चारापाणी तेवढं मी करत होती. सांजेले शेडाबाहेरून त्याले गोठ्यात नेत होती."

साधनाताईंनी चहा संपवला आणि मुलीला भेटायचे म्हटले.

दिपाली आतल्या खोलीत होती. दार उघडे असूनही ती उंबऱ्याच्या आतच बसली होती. दाराला बाहेरून नवी कडी होती. कडीत कुलूप लटकत होते, कुलपात किल्ली तशीच होती. दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, रंग खरवडून गेला होता. दिपालीने हात पदराखाली घेतले.

"त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"इथंच."

"बाहेर कधी आलात?"

"दिवे लागले तवा. आईनं कुलूप काढलं."

"नंतर?"

"आईनं माह्ये हात पाह्यले. मग म्हणे, जेवून घे, मी बैलाले पाणी दाखवून येतो."

"किल्ली एरवी कोणाकडे असायची?"

"त्यांच्याजवळ. करदोड्याले बांधून. झोपेतबी सोडत नव्हते." बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिला उमगले असावे. तिने कुलपातल्या किल्लीकडे पाहिले.

परतताना उकंडा म्हणाला, "माह्या मते फकिरा. ज्याले मुडदा सापडते, तोच मारणारा असते."

"उकंडादादा," साधनाताई म्हणाल्या, "व्हॅन ठाण्याकडे घ्या. ठाणेदारांना सोबत नेऊ."

दुपारी शेडमध्ये सगळे जमले. फकिरा आणि उकंडाने बापूजींना खुर्चीसकट उचलून आणले. ठाणेदार दाराशी उभे राहिले, इंदुताई आणि दिपाली गवताच्या गंजीजवळ.

"गोपाल आपल्या पायांनी पेटीत उतरला," साधनाताईंनी सुरुवात केली. "कोणीतरी टेकू काढला. एवढं कोणीही करू शकतं. पण पाट वर चढवून तिथंच ठेवायचा, हे पेटी कळणाऱ्याचंच काम."

"म्हणूनच देवसिंग," ठाणेदार म्हणाले.

"देवसिंगने काय केलं असतं? कुत्ता टाकला असता. हात लांब केला की झालं. फकिरानेही तेच केलं असतं, रोज तोच करतो. पण कुत्ता तारेने वर बांधलेलाच राहिला. पाट अडवला तो दांडा खुंटीला बांधून. ज्याला ही नवी पट्टी माहीत आहे, तो इतका खटाटोप कशाला करेल?"

"पोलिसांना फसवायले," उकंडा हळूच म्हणाला.

"फसवायलाही खुंटीचा उपयोग माहीत पाहिजे, दादा. देवसिंग आणि फकिरा तिच्यावर डबे टांगतात. कुत्ता नव्हता त्या काळी मात्र याच पेटीचा दांडा याच खुंटीला बांधत. ते अशा माणसाला ठाऊक, ज्याने पेटी डेपोत चालताना पाहिली आणि इथं आल्यावर कधी पाहिली नाही. त्या माणसाने आधी फकिराचा डबा काढला, नीट खाली ठेवला. सवयीने. स्वयंपाकघरातल्या हाताने."

इंदुताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"एवढ्यावरून माणूस ठरत होता, सिद्ध होत नव्हता," साधनाताई पुढे म्हणाल्या. "सिद्ध केलं किल्लीने. दिपालीच्या दाराची किल्ली गोपालच्या करदोड्याला असायची. दुपारनंतर गोपाल कोणाला दिसला नाही, रात्रभर तो या पेटीत होता. तरी दिवेलागणीला इंदुताईंनी त्याच किल्लीने कुलूप काढलं. किल्ली मिळण्याची जागा एकच होती." त्यांनी पेटीच्या फटीवर बोट ठेवले. "त्याने ती इथून बाहेर दिली. सुटायच्या आशेने."

"इंदू," बापूजी पुटपुटले, "या बाई काय म्हणून राह्यल्या?"

दिपालीने आईचा हात धरला होता. इंदुताईंनी तो सोडवला नाही.

"किल्लीसाठीच केलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी शेडाबाहेरून बैलाले न्यायले आली, त तो पेटीत उतरताना दिसला. टेकू काढला. म्हटलं, किल्ली दे, मंग झाकण उघडतो. बराच वेळ शिव्या देत होता. अंधार पडला तवा भ्याला. रडला. किल्ली दिली."

"मग उघडलं का नाही?" ठाणेदारांनी विचारले.

"उघडणारच होती. आधी पोरीले काढावं म्हटलं. दार उघडलं त तिची नखं तुटून होती. रक्त वाळून गेलं होतं. म्या या घरात राहून ते दार रोज पाह्यलं आन् काही केलं नाही. परत आली. तो आतून म्हणाला, बाहेर आल्यावर तुम्हा दोघींले एकाच खोलीत घालतो. मग बैल जुंपला."

बापूजी खुर्चीतून उठू पाहत होते. फकिराने त्यांना धरून बसवले.

"देवसिंगला धरलं तेव्हा बोलला का नाहीत?" साधनाताईंनी विचारले.

"सकाळ झाली का ठरवत होती, आज सांगतो. पण मी गेल्यावर पोरीले कोण? हे उठू शकत नाहीत. देवसिंगची बायको दारावरून जाये त मी आत पळत होती." इंदुताई ठाणेदारांकडे वळल्या. "चला जी. त्याले आजच सोडा."

त्यांनी दिपालीचा हात आपल्या हातातून काढला, तिच्या केसांतली गवताची काडी टिपली आणि जीपकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिले नाही.

देवसिंग घरी आला. रुपीबाई पुन्हा यवतमाळला आली, या वेळी खुर्चीवर बसली, चहाही घेतला. पण बरेच दिवस त्या कामात लक्ष घालू शकल्या नाहीत. उकंडा पेपर वाचायचा आणि पान उलटायचे विसरायचा.

"तुम्ही किल्लीचं बोललाच नसतात तर?" एकदा त्याने विचारले.

"तर देवसिंग आत राहिला असता."

उकंडाने पेपरचे पान उलटले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर दिपाली उभी होती. पदर घामाने भिजलेला, पायांत धूळ, मुठीत एसटीचे तिकीट चुरगळलेले.

उकंडा तिच्या मागे जिन्यात डोकावला. "संगं कोण आहे?"

"कोणी नाही," दिपाली म्हणाली. "स्टँडवरून विचारत विचारत आली." ती आत आली, खुर्ची ओढली आणि बसली. बोटांवरच्या पट्ट्या तिने झाकल्या नाहीत.

"बाई, मले चांगला वकील सांगा. आईसाठी. कोर्टात काय काय झालं ते सांगाचं आहे, आन् ते मीच सांगणार."